थंड जागी ठेवा

सक्करदऱ्याच्या तलावाकडून येणारा रस्ता दुपारी एकच्या सुमारास रिकामा झाला की समजावं, उन्हाळा लागला. कॅलेंडर काही का म्हणेना. यंदा तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यातच रिकामा झाला. समोरच्या रसवंतीवाल्यानं हिरव्या जाळीचा मांडव ताणला, शेजारच्या दुकानात कूलरच्या नव्या ताट्या आल्या आणि वाळ्याचा ओला, मातकट वास माझ्या औषधांच्या वासात मिसळायला लागला. गिऱ्हाईक येतं ते तोंडा-डोक्याला दुपट्टा गुंडाळून. नुसते डोळे दिसतात. पण पंचवीस वर्षं या गल्लीत मेडिकल चालवल्यावर डोळ्यांवरूनच माणसं ओळखू येतात, आणि माणसांबरोबर त्यांची औषधंही. हे बीपीचे. ह्या थायरॉइडच्या. हे दम्याचा पंप नेणारे, पंप तोंडात मारतात पण श्वास ओढायचा विसरतात.

उन्हाळ्यात दुकान उघडलं की माझा पहिला हात जातो तो कोपऱ्यातल्या फ्रिजकडे. आतल्या थर्मामीटरचा आकडा पाहिल्याशिवाय मी दिवा लावत नाही. बाहेर दुपारी पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि या छोट्याशा पांढऱ्या कपाटात कुणाकुणाचा महिना थंडगार उभा असतो.

परवा एक बाई इन्सुलिन न्यायला आली. नवीनच होती. मी विचारलं, घरी कुठे ठेवणार? फ्रिजमध्ये म्हणजे कुठल्या कप्प्यात? लाइट गेली तर? तिसऱ्या प्रश्नाला ती वैतागली. "एवढं काहून विचारून राहिल्या ताई? देऊन टाका ना. बाहेर ऑटो उभा हाय."

मी दिलं. काहून विचारते, हे तिला सांगायचं तर एक अख्खा उन्हाळा सांगावा लागला असता.

त्या उन्हाळ्याला आता सात-आठ वर्षं झाली असतील. आमच्या मागच्या गल्लीत देवरावकाका आणि सुमनकाकू राहायचे. काका इतवारीच्या धान्यबाजारात मापारी होते. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांचे गहू, तूर, हरभरा मोजला. निवृत्त झाले तरी हाताला सवय होती. दुकानात आले की काउंटरवरची कुठलीही वस्तू उचलून सांगायचे, "पावणेदोनशे गिराम." मी पाकिटावर पाहायची. पाच-दहा ग्रॅमच्या पलीकडे ते चुकले नाहीत.

काकूंना साखरेचा आजार बारा वर्षांपासूनचा. शेवटी गोळ्या पुरेनाशा झाल्या आणि डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. काकूंना सुईची भीती, म्हणून टोचायचं काकांनी शिकून घ्यायचं ठरलं. मीच शिकवलं त्यांना, दुकानातल्या बाकावर बसवून. चार दिवस ते संत्र्यात पाणी टोचत होते. सिरिंजवरच्या बारीक रेघा चष्मा वर-खाली करून वाचायचे, हवेचा बुडबुडा टिचकी मारून घालवायचे. पाचव्या दिवशी म्हणाले, "ताई, पस्तीस वर्षं काटा इकडचा तिकडे होऊ नाई देल्ला. हे तं बोटभर सुई हाय." आणि खरंच, सकाळी वीस युनिट म्हणजे वीसच. संध्याकाळी बारा म्हणजे बाराच. काकूंची साखर तेव्हा वर्षभर अशी जागेवर राहिली की डॉक्टर मला फोन करून म्हणाले होते, तुमच्या मापाऱ्याला माझ्याकडे पाठवा, इतरांना शिकवायला.

मग तो एप्रिल आला. ऊन नेहमीपेक्षा लवकर चढलं आणि लाइट जायला लागली. दुपारी तास, दीड तास. काका महिन्याची औषधं न्यायला आले तेव्हा दुकानात चार माणसं उभी होती, कूलर बंद होता, माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते. इन्सुलिनची बाटली बर्फाच्या पुडीसोबत पिशवीत घालताना मी म्हणाले, "काका, उन्हाळा कडक आहे. हे एकदम थंड जागी ठेवा बरं. नाही तर खराब होऊन जाईल."

"एकदम थंड जागी," काकांनी मान डोलावली. ऐकलेली गोष्ट परत म्हणून पाहायची त्यांची सवयच होती. बाजारात माप पुकारतात तसं. मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

एवढंच. मी एवढंच बोलले होते. आजवर ते वाक्य मी किती वेळा मनात उलटसुलट करून पाहिलं असेल! त्यात खोटं काही नव्हतं.

मेमध्ये काकूंची साखर वाढली. आधी थोडी, मग खूपच. काका तपासणीचा कागद घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. डॉक्टरांनी वीसचे सव्वीस केले. दहा दिवसांनी बत्तीस. साखर खाली येण्याचं नाव घेईना. डॉक्टरांनी पथ्याबद्दल विचारलं. काकांनी घरी येऊन काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, मी काही खाल्लं नाही.

पण ते दिवस आंब्याचे. लेकीनं अमरावतीहून पेटी पाठवली होती, नातवंडं सुटीत येणार म्हणून. सगळ्या घरात तो वास भरलेला. संध्याकाळी गल्लीतून जावं तर दर घरातून आमरसाचा, पोळ्यांचा, तुपाचा वास. साखरेच्या माणसासाठी नागपूरचा मे महिना म्हणजे नुसती परीक्षा असते. ऊन वेगळं आणि हा वास वेगळा. तेव्हा काकांनी जे समजायचं ते समजून घेतलं. पेटी उचलून कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. चहात गूळ घालायची काकांना सवय होती, तो गुळाचा डबा रोज संध्याकाळी तळहातावर घेऊन ते वजन पाहायला लागले. हे त्यांनीच मला सांगितलं, अगदी खालच्या आवाजात, जणू घरातली काही लाजिरवाणी गोष्ट सांगावी तसं. "माह्या चहाचा गूळ सोडला तं डबा तेवढाच भरते ताई. पन माहा हात आता म्हातारा झाला. पहिलेसारखा अंदाज नाई राहिला."

मी त्यांचं सांत्वन केलं. म्हटलं, "गोडाची इच्छा वाईट असते, काका. रागावू नका. समजावून सांगा."

हात चुकला नव्हता. हे कळायला अजून दोन आठवडे होते.

त्याच दिवसांत काकू गच्चीवर कुरडया घालायला गेल्या. अनवाणी, सकाळी नऊच्या उन्हात. आम्हा नागपूरच्या लोकांना नऊचं ऊन म्हणजे सकाळच वाटतं. पण गच्ची आदल्या दिवशीची तापलेली असते, ती रात्रभरातही निवत नाही. साखरेनं काकूंच्या पायांची जाणीव कमी झालेली होती. पाय पोळला, फोड आला, फुटला, आणि त्यांना पत्ताच नाही. पायपुसण्यावर डाग दिसला तेव्हा कळलं.

एका दुपारी त्या एकट्याच दुकानात आल्या. पदर डोक्यावरून घेतलेला, एका पायात चप्पल, दुसऱ्याला फडकं बांधलेलं. मलम मागत होत्या. मी काउंटरबाहेर आले, त्यांना बाकावर बसवलं, फडकं सोडलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. दोन्ही काळी पडली होती. वास येत होता.

"काकू, हे मलमाचं काम नाही. आजच्या आज डॉक्टरांकडे जायचं. साखर एवढी असताना ही जखम भरणार कशी?" आणि मग, मनात साचलेलं बोलून गेले. "माझ्याजवळ तरी खरं सांगा. आंब्याचे दिवस आहेत, मी समजू शकते. पण किती खाता ते कळलं तर डॉक्टरांना सांगता येईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कूलरच्या आवाजात मला ऐकू आलं नसेल असं वाटून त्यांनी दोनदा म्हटलं.

"तुमी बी, ताई? तुमी बी?"

मग फडकं पुन्हा बांधायला लागल्या. मी बांधून द्यायला वाकले तर त्यांनी माझा हात हलकेच बाजूला केला.

त्याच संध्याकाळी त्यांना दवाखान्यात भरती केलं. नवतपा सुरू झाला होता, मे अखेरचे ते नऊ दिवस, जेव्हा आकाशाचा रंगच उडून जातो. भरतीच्या चौथ्या दिवशी दोन्ही बोटं काढली. काढली नसती तर पाऊल गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

पाचव्या दिवशी काका दुकानात आले. दुपट्टा गळ्यात, डोळे खोल गेलेले. मी आधी त्यांना पाणी दिलं. ते बसले आणि सांगायला लागले. दवाखान्यात पहिल्याच दिवशी काय झालं, तर काकूंना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं बरळल्यासारखं. साखर एकदम खाली गेली होती. सिस्टरनं धावत ग्लुकोज लावलं.

"घरी जेवढा डोस चालू होता तेवढाच देल्ला हो त्याईनं. बत्तीस. आणि तिथं साखर धाडकन खाली." काका दुपट्ट्यानं डोळे पुसत म्हणाले, "मंग काय समजाचं आता? घरी हे चोरून खातच होती. तिथं काई भेटलं नाई म्हून उतरली. सिद्ध झालं ना, ताई."

मी मान डोलावणारच होते. ते इतकं सरळ दिसत होतं. पण बत्तीस युनिटांना एका दिवसात एवढा फरक? नुसत्या जेवणानं? मनात कुठेतरी काटा हलला. मी विचारलं, "काका, घरची बाटली कुठे आहे?"

"आनली ना. म्हून तं आलो. अर्धी हाय अजून. तिथं दवाखान्यातलं देऊन राहिले, मंग हे घरची चालन का पुढच्या महिन्यात, ते विचारू म्हटलं."

त्यांनी पिशवीतून एक स्टीलचा डबा काढला. डब्यात बर्फ. बर्फात, कागदातही न गुंडाळलेली, ती बाटली. मी ती पुसली, तळहातांमध्ये हळूहळू फिरवली आणि दाराजवळच्या उजेडात धरली. हे औषध फिरवल्यावर दुधासारखं एकसारखं पांढरट दिसायला हवं. ते दिसत नव्हतं. आत बारीक कण तरंगत होते आणि काचेला आतून पांढऱ्या चुऱ्याचा थर चिकटला होता, खिडकीच्या काचेवर धूळ बसते तसा.

"घरी हे कुठे ठेवता, काका?"

"वरच्या कप्प्यात. बर्फाच्या." त्यांनी अगदी सहज सांगितलं. "पहिले दारात ठेवत होतो. मंग तुमी एप्रिलमंदी सांगतलं ना, एकदम थंड जागी ठेवा. आमच्या फ्रिजमंदी एकदम थंड म्हंजे तेच. सकाळी आंघोळीच्या पहिले काढून ठेवतो, पूजा होईस्तोवर पानी होऊन जाते."

इन्सुलिन गोठलं की मरतं. परत पातळ झालं तरी ते औषध राहत नाही. हे मला कॉलेजात शिकवलं होतं, बाटलीच्या खोक्यावर छापलेलं असतं, आणि मला ते इतकं ठाऊक होतं की कुणाला सांगायला हवं असं वाटलंच नव्हतं. काका दीड महिना रोज दोनदा, रेघ न् रेघ जुळवून, अगदी अचूक माप घेऊन काकूंना जवळजवळ पाणीच टोचत होते. डॉक्टर त्या पाण्याचा डोस वाढवत होते. आणि दवाखान्यात जेव्हा खरं औषध तेवढ्याच मापानं गेलं, तेव्हा काकूंचा जीव जायची वेळ आली होती.

ग्राहक कुणी नव्हतं. बाहेर रस्ता पांढरा पडला होता. मनात आलं, आत्ता काही न बोलता नवी बाटली दिली, कुठे ठेवायची ते नीट सांगितलं, तर कुणाला काही कळणार नाही. हे मनात आलं हे मी लपवत नाही. कदाचित अर्धा मिनिट ते मनात राहिलं.

मग मी काकांसमोर बाकावर बसले आणि सगळं सांगितलं. औषध कसं मेलं ते. माझं वाक्य कसं अपुरं होतं ते. थंड म्हणजे फ्रिजचा खालचा भाग, बर्फाचा कप्पा नव्हे, हे मी सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, हेही.

मला वाटलं होतं ते ओरडतील. बोटांचं विचारतील. त्यांनी बाटलीकडे पाहिलं. मग म्हणाले,

"म्हंजे ते खोटं नव्हती बोलत?"

"नाही, काका."

"एकबी दिवस नाई?"

"नाही."

"आणि डबा... डबा तेवढाच भरत होता." त्यांनी आपला उजवा तळहात उघडून त्याच्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षं अख्ख्या बाजारानं ज्या हातावर भरवसा ठेवला, त्या हातानं रोज संध्याकाळी खरं सांगितलं होतं. बायकोवर विश्वास ठेवण्यापेक्षा हात चुकतो असं मानणं त्यांना सोपं गेलं होतं. ते रडले. माणसं दुकानात रडतात, मी पुष्कळ पाहिली आहेत, रिपोर्ट हातात घेऊन, पत्नीच्या औषधांची यादी हातात घेऊन. काका आवाज न करता रडले, आणि मी त्यांच्या खांद्याला हातही लावू शकले नाही, कारण तो हात माझा होता.

डॉक्टरांना मी त्याच वेळी फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डोस तर मीच वाढवत गेलो. बाटली कुठे ठेवता, हे मीही नाही विचारलं." दोषाची अशी वाटणी केल्यानं तो कमी होत नाही. पण त्या दुपारी मला त्यांचा आधार वाटला, हे खरं.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. काकू उशीला टेकून बसल्या होत्या, पायाला जाड बँडेज. काकांनी त्यांना सांगितलं होतं बहुतेक, कारण ते खोलीत नव्हते, बाहेर व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी येताना काय बोलायचं ते पाठ केलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना. मी फक्त म्हणाले, "काकू, चूक माझी होती. आणि वर मी तुमच्यावरच आरोप केला."

त्यांनी पायावरची चादर सारखी केली.

"ताई, बोटाचं मले एवढं नाई वाटत," त्या म्हणाल्या. "पायाचे बोटं. साडीखाली कोन पाह्यते? पन रोज देवापाशी दिवा लावून सांगत होती मी यायले, तुमच्या काकाले, म्या नाई खाल्लं म्हून. कोनी मानेच ना. पोरगी फोनवर रागवे. डाक्टर रागवे. तुमी." त्यांनी बाहेर व्हरांड्याकडे पाहिलं. "शेवटी शेवटी मलेच वाटे, रातच्याले झोपेत उठून खात असन का काय मी? सकाळी उठून आपलंच तोंड हुंगून पाहो. आंब्याचा वास येते का म्हून."

मी खाली पाहिलं. त्यांनी मला क्षमा केली की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनी तसं काही म्हटलं नाही, मी विचारलं नाही. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "आता दुसऱ्या कोनाले असं होऊ देऊ नोका."

जुनाट दुखण्यांचं असं असतं. ताप येतो आणि जातो. त्याचं औषध पाच दिवसांचं, सहावा दिवस सुटीचा. पण साखर, बीपी, दमा, ही दुखणी घरात सून यावी तशी येतात आणि घरचीच होऊन राहतात. डॉक्टरांची भेट तीन महिन्यांतून एकदा, दहा मिनिटांची. मधले सगळे दिवस माणूस एकटा असतो, आपल्या फ्रिजसोबत, आपल्या चमच्यासोबत, आपल्या समजुतीसोबत. त्या मधल्या दिवसांत तो फक्त माझ्याकडे येतो. दर महिन्याला, चप्पल घालून, पिशवी घेऊन. मी औषध देते म्हणजे गोळ्यांचं पाकीट देते असं मला पूर्वी वाटायचं. त्या उन्हाळ्यानंतर कळलं, पाकीट तर कुणीही देईल.

मी सांगायचं कमी केलं आणि विचारायला लागले. "कसं घेता ते मला दाखवा." "मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा पाहू." लोकांना हसू येतं, कुणाला राग येतो. पण काय काय कळलं मला! थायरॉइडची गोळी उपाशीपोटी म्हणून सांगितलेली एक बाई ती चहासोबत घेत होती, कारण तिच्या हिशेबी चहा म्हणजे खाणं नव्हे. एक गुरुजी बीपीची गोळी फक्त डोकं दुखलं की घ्यायचे. महाल भागातून एक म्हातारी यायची, तिच्याकडे इन्सुलिन ठेवायला फ्रिजच नव्हता. तिच्यासाठी मी आणि देवरावकाकांनी मिळून दोन मडकी आणली, एकात एक, मधे रेती, रेतीवर पाणी. काकांनी चार दिवस त्यात थर्मामीटर ठेवून दर तीन तासांनी आकडा लिहिला, तेव्हाच ते मडकं तिच्या घरी पाठवलं.

काकू घरी आल्या. जखम भरली, थोडं लंगडत का होईना, चालायला लागल्या. साखर हळूहळू जागेवर आली. त्यानंतर औषध न्यायला दोघंही येत. बाटली मी काकूंच्या हातात द्यायची. त्या ती उजेडात धरून पाहायच्या, आपल्या मनाची खात्री झाली की मगच काकांच्या पिशवीत टाकायच्या. काका मुकाट उभे राहायचे. गुळाचा डबा त्यानंतर त्यांनी कधी हातात घेतला नाही, असं काकूंनीच एकदा मला सांगितलं, किंचित हसून. "चहाले गूळ पायजे असला तरी मलेच मागते. डबा समोर असन तरी."

असे तीन उन्हाळे गेले. चौथ्या हिवाळ्यात एका दुपारी काकू जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. हृदय थांबलं.

तेराव्यानंतर, महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात, काका दुकानात आले. नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या पिशवीसकट. मी विचारलं, "काय देऊ, काका?"

"काई नाई." ते काउंटरला हात टेकून उभे राहिले. "पाय आले इकडे."

मी त्यांना बसवलं. चेहरा तांबूस दिसत होता, मान ताठरलेली. सहज म्हणून बीपीचं यंत्र लावलं. आकडा पाहून मी पुन्हा लावलं. तोच आकडा. "काका, शेवटचं बीपी कधी तपासलं होतं?"

त्यांना आठवेना. "घरी फाइल हाय ना एवढी मोठी," त्यांनी हातानं उंची दाखवली. "सारी तिची. माह्या नावाचा त्यात एकबी कागद नाई."

बारा-पंधरा वर्षं मी त्या माणसाला दर महिन्याला पाहत होते. त्यांना मी कधी तपासलं नव्हतं. ते रोगी नव्हते, रोग्यासोबतचे होते.

डॉक्टरांनी गोळी सुरू केली. रोज सकाळी एक. पहिलं पाकीट नेताना काका म्हणाले, "घेईन मी. पन ताई, घेतली का नाई हे कोन विचारन आता? तिले मी विचारत होतो."

"मला सांगत जा," मी म्हणाले.

तेव्हापासून सकाळी तलावाकडे फिरायला जाताना ते दुकानासमोर थांबतात. आत येत नाहीत. रस्त्यावरूनच म्हणतात, "घेतली," आणि पुढे जातात.

गेल्या वर्षी एकदा हिशेब जुळेना. महिन्याचं पाकीट संपायला हवं होतं आणि काका नवं न्यायला बारा दिवस उशिरा आले. "घेतली" मात्र रोज म्हणाले होते. "काका, खरं सांगा," हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच राहिले. मी विचारलं, "गोळी घेतल्यावर कसं वाटतं हो तुम्हाला?"

त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली. मग म्हणाले, "चक्कर येते. न्हानीत दोनदा भिंत धरली. म्हून एक दिवस आड घेत होतो." आणि मान खाली घालून, "नाई घेतली म्हटलं असतं तं तुमाले वाईट वाटलं असतं."

डॉक्टरांनी डोस कमी केला. चक्कर थांबली. मी काकांना सांगितलं, मला वाईट वाटलं तरी चालेल, पण जे असेल ते सांगा.

आज सकाळीही ते आले. आठच वाजले होते, पण ऊन चटका देत होतं. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. काका नेहमीप्रमाणे रस्त्यावर थांबले, दुपट्टा तोंडावरून खाली केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ताई, कालची राहिली हो. भुललो."

"आजची घेतली?"

"आजची घेतली."

"मग कालची राहू द्या. दोन घेऊ नका. बरं झालं सांगितलंत."

त्यांनी मान डोलावली, दुपट्टा पुन्हा तोंडाला गुंडाळला आणि तलावाच्या बाजूला, सावली धरून, हळूहळू चालू लागले.